आक्काचा मुलूख

बसूला एसटी लागायची, म्हणून तो मुलूख जन्माला आला. नांदेडचं बिऱ्हाड हलवून आम्ही लातूरला निघालो होतो. सामान ट्रकनं पुढं गेलं होतं, अप्पा त्याच्याही आधी जाऊन नव्या ऑफिसात रुजू झाले होते, आणि आई, थोरली आक्का, मी आणि धाकटा बसू असे आम्ही मागून एसटीनं चाललो होतो. लोहा येईपर्यंत ओकून ओकून बसूचा चेहरा पांढरा पडला. आईनं लिंबू हुंगवलं, कंडक्टर वैतागला, मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी तर इतके उपाय सांगितले की ते ऐकूनच मलाही मळमळायला लागलं. शेवटी आक्कानं त्याला मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "डोळे मीट बसू. आता आपण गाडीत न्हाईच. एक मुलूख हाय. तिथं राक्षस राहतेत, नाग राहतेत, यक्ष राहतेत, गंधर्व राहतेत. सांग, तू कोण होणार?" बसूनं डोळे मिटूनच सांगितलं, "राक्षस." आक्का म्हणाली, "मग? राक्षसाला कुठं गाडी लागत असती व्हय?" आणि तिनं त्या राक्षसाला डोंगरावरून, नदीतून, जळत्या रानातून असं काही फिरवलं की अहमदपूरच्या स्टँडावर गाडी थांबली तेव्हा राक्षस भजी मागत होता.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. अप्पा महसूल खात्यात कारकून, मूळचे अहमदपूरकडचे, पण नोकरी सगळी नांदेडात झालेली. नव्या जिल्ह्यासाठी माणसं हवीत म्हटल्यावर त्यांनी इतक्या हौसेनं बदली मागून घेतली की जणू जिल्हा त्यांच्याच घरी जन्मला होता. ऑफिस उसन्या खोल्यांमध्ये होतं, कपाटं आलेली नव्हती, फायली जमिनीवर गठ्ठे करून ठेवलेल्या. संध्याकाळी घरी आले की ते पायावर पाणी घेण्याआधी सांगत, आज कुठल्या खात्याची पाटी लागली, पेंटरनं कुठल्या अक्षराची वेलांटी चुकवली. नातेवाइकांपैकी कुणी पत्त्यात जुन्या जिल्ह्याचं नाव लिहिलं तर ते चक्क रागवायचे. आई चुलीपुढून म्हणायची, "जिल्हा झाला, लई चांगलं झालं. पाणी कवा यायलंय तेवढं इचारा तुमच्या साहेबाला."

कारण पाणी नव्हतं. आमचं घर गंजगोलाईच्या बाजारपेठेमागच्या बोळात, दोन खोल्या आणि पुढं शहाबादी फरशीचं अंगण. अंगण सामाईक होतं, पलीकडच्या खोल्यांमध्ये रजियाचं कुटुंब राहायचं. रजिया माझ्याच वयाची, तिचे अब्बा शिलाईकाम करत. त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. सकाळी आडतीवर हमालांची आरडाओरड, दिवसभर रजियाच्या अब्बांच्या मशीनची खडखड, आणि मध्येच कुठूनतरी टँकरचा आवाज आला की सगळ्या बोळातून रिकाम्या घागरींचा एकदम उठणारा खणखणाट. बायका भाकरी थापताना एक कान रस्त्याकडं ठेवायच्या. दुसऱ्या उन्हाळ्यात तर नळाला पाणी येण्याची आम्ही वाट पाहणंच सोडून दिलं. आईनं स्वयंपाकाचं सगळं गणितच बदललं होतं. ज्या पदार्थाला भांडी जास्त लागतात तो बंद. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची, येसराची पातळ आमटी, दुपारी पोरांना चुरमुऱ्याचं सुशीला, आणि ताटं राखेनं घासून फडक्यानं पुसायची. अंघोळीचं पाणी परातीत धरून त्यानंच फरशी पुसायची. आमच्याकडं सणाला हुग्गी होते, गव्हाची गुळातली खीर, वर तूप. त्या वर्षी हुग्गी झाली नाही. गहू होता, गूळ होता, पण एवढं मोठं पातेलं घासायला पाणी कोण देणार होतं.

आक्का तेव्हा नांदेडला मामाकडं राहून डीएड करत होती. दिवाळीत आणि उन्हाळ्यात घरी यायची आणि ती आली की मुलूख सुरू व्हायचा. एसटीतला तो डोळे मिटून खेळायचा खेळ तिनं आता अंगणातल्या फरशीवर उतरवला होता. एकेक फरशी म्हणजे एकेक ठिकाण. ही राखेची टेकडी, हे मुक्या लोकांचं गाव, हा दात असलेला दरवाजा. कोळशानं ती वाटा काढायची आणि आम्ही कवड्या टाकत पुढं सरकायचो. पण खरी गंमत सरकण्यात नव्हती. प्रत्येकानं आधी सांगायचं, मी कोण. राक्षस, नाग, गंधर्व, यक्ष, माणूस, जे हवं ते. आणि मग त्याच दरवाज्यापाशी प्रत्येकाला वेगळं काहीतरी व्हायचं. राक्षस तो लाथ मारून फोडायचा, नाग उंबऱ्याखालून जायचा, गंधर्व गाणं म्हणून त्याला झोपवायचा. माणसाला काहीच यायचं नाही, त्याला दार वाजवून वाट बघावी लागायची. म्हणून माणूस कुणीच घेत नसे. रजिया पहिल्याच दिवशी कुरकुरली होती, "आपा, हमारे में जिन्न रहता, परी रहती. वो बी डालो ना." आक्कानं लगेच कोळसा उचलला आणि दोघांनाही जागा करून दिली. आम्हाला वाटलं, रजिया परी होणार. तिनं जिन्न घेतला. म्हणाली, "परी को कोई बी पकड के ले जाता. जिन्न को कौन पकडता?"

परवा माझा नातू कॉम्प्युटरवर असलाच काहीतरी खेळ खेळत होता. पुण्याचा मुलगा, सुट्टीला आलेला. मी चष्मा लावून मागून पाहत होते. खेळ सुरू होण्याआधी त्यालाही विचारलं जातं, तुझा वंश कोणता. पडद्यावर एकामागून एक उभे राहिले, ठेंगू दाढीवाले, हिरव्या कातडीचे, लांब कानांचे. त्यानं लांब कानांचा घेतला. मी विचारलं, हाच का रे? तर म्हणाला, "आजी, यांना अंधारात दिसतं." मी म्हटलं, माणूस का नाही घेतलास? त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी काहीतरी फारच खुळचट विचारलंय. "माणूस तर मी आहेच ना," तो म्हणाला. त्याला अंधाराची भीती वाटते हे त्याच्या आईनं मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मी चष्मा काढून जरा आडवी झाले. पण त्या दुपारी मला झोप लागली नाही.

खेळात कोण काय निवडतं यावर अप्पांचं ठाम मत होतं. खाटेवर बसून ते आमचा खेळ पाहायचे आणि म्हणायचे, "ज्याला जे न्हाई मिळालं, ते तो मागून घेतो बघ." बसूच्या बाबतीत ते खरं होतं. घरात सगळ्यांत लहान, सगळ्यांत काटकुळा, आणि कायम भुकेला. राक्षसाला कुणी पुरे म्हणत नाही, कुणी ताटातलं काढून घेत नाही, हे त्याला फार आवडायचं. पण रजियाला काय मिळालं नव्हतं? ती चांगली धीट होती, बोळातल्या पोरांना दगड मारून पिटाळणारी. तिनं जिन्न घेतला तो भीतीनं नव्हे. तिच्या मोठ्या बहिणीला वर्षभरापूर्वी लग्न करून हैदराबादला नेलं होतं आणि तिची खबर येत नव्हती, हे मला पुढं कधीतरी समजलं. तिनं आपल्यासाठी जे कुणाच्या हाती लागत नाही ते निवडलं होतं. आणि मी नेहमी नाग. मला लाथ मारून दार फोडायचं नव्हतं आणि गायचंही नव्हतं. आक्कानं एकदा सांगितलं होतं की नाग जिथं राहतात तिथं खाली पाणीच पाणी, वर कितीही ऊन पडो. मला गोदावरीची आठवण यायची. नांदेडात आम्ही घाटावर पाय सोडून बसायचो. लातुरात मला तशी जागा सापडलीच नाही, म्हणून मी जमिनीखाली जाऊन बसले. निवडणं म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी एवढंच सांगेन की माणूस गंमत म्हणून निवडतो आणि खरं तेच बोलून जातो. अप्पांना हे अर्धंच दिसलं होतं.

आक्का मात्र कोणीच नव्हती. म्हणजे बाकी सगळी तीच होती. दात असलेला दरवाजा ती, मुक्या गावची म्हातारी ती, वादळ ती, वाटेत भेटणारा ठकही तीच. आवाज बदलायची, तोंड वाकडं करायची, आम्ही अडलो की मुद्दाम थांबायची आणि म्हणायची, "आता काय करणार? मी न्हाई सांगणार. तू सांग." ही तिची सवय होती. नांदेडला सराव पाठ घ्यायला एका शाळेत गेली होती तेव्हा तिनं भूगोलाच्या तासाला हाच खेळ वर्गात मांडला होता. मधली सुट्टी झाली तरी पोरं जागची उठेनात. पाठ बघायला आलेल्या कॉलेजच्या बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली, आणि ही गोष्ट ती आम्हाला सांगताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. तिला मास्तरीण व्हायचं होतं. तिचं दुसरं काहीच मागणं नव्हतं. पहिलं वर्ष झालं होतं, एक राहिलं होतं.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात उदगीरचं स्थळ आलं. भांड्यांचं दुकान, आमच्यातलेच लोक, गळ्यात लिंग, कपाळाला विभूत, बोलणं मऊ. मुलगा शिकलेला आणि शांत होता. आक्कानं त्याला पाहिलं, नाही म्हणाली नाही. तिनं अप्पांना एकच सांगितलं, लग्न पुढच्या वर्षी, परीक्षा झाल्यावर. अप्पांनी ते मुलाकडच्यांच्या कानावर घातलं आणि मुलाचे चुलते, जे त्या घरात सगळं बोलायचे, ते मान हलवून म्हणाले, "हाव की. शिकू द्या. मास्तरीण सून कुणाला नको?" मग आत्ता नुसता साखरपुडा करून ठेवू असं ठरलं. आक्का खुश होती. त्या आठवड्यात तिनं पुठ्ठ्याचं एक मोठं घड्याळ केलं, काटे फिरणारं, पुढच्या वर्षीच्या पाठासाठी.

साखरपुड्याच्या आदल्या दुपारी आम्ही मुलूख मांडला होता. अप्पांनी ओळखीनं एका शेतकऱ्याच्या विहिरीवरून टँकर ठरवला होता, तो सकाळी यायचा होता, आणि आई शेजारपाजारून मागून आणलेली पाण्याची टिपाडं अंगणात उलटी करून झाडत होती. खेळताना मध्येच रजियानं कवड्या हातात तशाच धरल्या. म्हणाली, "आपा, तुम कौन? तुमने कब्बीच नहीं लिये." आम्ही सगळे आक्काकडं पाहायला लागलो. खरंच, इतक्या दिवसांत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटलं ती हसून टाळेल. पण ती चटकन म्हणाली, "यक्ष." म्हणजे तिनं कधीच ठरवून ठेवलं होतं. बसूनं विचारलं, "कामून? यक्षाला तर उडता बी येत न्हाई." आक्का म्हणाली, "यक्षाचं तळं असतंय. तो तळ्यापाशी बसतो आणि येईल त्याला प्रश्न विचारतो. राजा येऊ दे न्हाईतर भिकारी, उत्तर दिल्याबिगर पाण्याला हात लावायचा न्हाई." मग आईकडं पाहून हळूच म्हणाली, "सगळ्यांनी थांबायचं. यक्षाचं विचारून झाल्याबिगर कुणाचं काही पुढं जात न्हाई." आईनं टिपाडावर हात मारला आणि म्हणाली, "ये गं यक्षीण, हे धरू लाग जरा."

सकाळी टँकर आला. आता लिहिताना हसू येतं, पण तो बोळात शिरला तेव्हा आम्ही देव आल्यासारखे धावलो. टिपाडं भरली, रांजण भरले, अंगणाच्या कोपऱ्यातला सिमेंटचा हौद काठापर्यंत भरला. बसूनं त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि आई रागवली नाही. त्याला तांब्यावर तांब्या घालून न्हाऊ घातलं, बोळातल्या बायकांना घागर घागर दिली, आणि हुग्गीचं मोठं पातेलं चुलीवर चढलं. उदगीरची मंडळी जीपनं आली. साखरपुड्याला येतात त्यापेक्षा जरा जास्तच होती. अहमदपूरहून आमचे काका, काकू, मावश्या आल्या. जंगमस्वामी आले. आक्का आतल्या खोलीत हिरवी साडी नेसून बसली होती, मी तिच्या वेणीत गजरा माळत होते, आणि बाहेरून हसण्याबोलण्याचा चांगला भरलेला आवाज येत होता.

आमच्या भागात एक रीत आहे. साखरपुड्याला माणसं जमली, की त्यातलंच कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं, आता एवढं जमलंच आहे तर अक्षताही टाकून घेऊ. साखरपुड्यातच लग्न उरकलं असं आम्ही म्हणतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट शहाणपणाचं समजतात, दुष्काळात तर जास्तच. अंगणात त्या दिवशी काय बोलणं झालं ते मला पुढं आईकडून कळलं. चुलते हौदाकडं पाहून म्हणाले, "पाणी हाय, स्वामी हैत, दोन्हीकडची माणसं बसलेली हैत. परत कवा जमायचं हे? वर्षानं पाऊस पडतो का न्हाई कुणाला ठाव." अप्पा म्हणाले, पोरीची परीक्षा आहे. चुलते म्हणाले, परीक्षा कुठं पळून चाललीय, लग्न झालेल्या पोरी देत नाहीत का परीक्षा. काकांनी री ओढली. अप्पांनी आईला बाजूला बोलावलं. आईनं सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवतं. ती म्हणाली, "मी म्हणाले, परत एवढं पाणी मी कुठून आणू? माझी कंबर मोडली व्हती गं त्या साली."  तिची कंबर खरंच मोडली होती. पहाटेपासून घागरी वाहणारी बाई होती ती. पण मला आजही राग येतो, आणि कुणावर धरावा ते समजत नाही.

आत आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. अहमदपूरच्या काकू वाटीत हळद कालवून आल्या. स्वयंपाकाचीच हळद, घाईनं भिजवलेली, गुठळ्या तशाच. त्यांनी आक्काचा हात ओढून घेतला आणि कोपरापर्यंत फासायला लागल्या. आक्का हसली. "काकू, साखरपुड्याला कुठं हळद असती व्हय?" काकू हळद लावता लावताच म्हणाल्या, "आज अक्षता पडायल्यात की. तुला न्हाई सांगितलं कुणी?"

आक्कानं हात मागं घेतला नाही. काकूंच्या हातात तो तसाच राहिला. ती मला म्हणाली, "अप्पाला बोलीव." मी गर्दीतून गेले आणि अप्पांच्या शर्टाला धरून त्यांना आणलं. खोलीत बायका होत्या म्हणून ते उंबऱ्याबाहेर थांबले. आक्का उठून दारापर्यंत गेली, दोन्ही हात पिवळे. म्हणाली, "अप्पा, माझं एक वरीस राहिलंय." अप्पा म्हणाले, "देऊ देणारेत तुला परीक्षा. मी बोलून घेतलोय." "पण आज न्हाई ना ठरलं होतं." अप्पांनी मागं वळून अंगणाकडं पाहिलं, तिथं माणसं पंगतीसाठी सरकून बसायला लागली होती. ते म्हणाले, "पाणी आलंय बाळा." एवढंच. ते खूप दमलेल्या आवाजात म्हणाले, दटावून नव्हे, जणू याच्यापुढं काही बोलण्यासारखं उरत नाही हे तिलाही कळतंच आहे.  मला वाटत होतं ती बोलेल. दरवाज्यांना दात लावणारी माझी बहीण, ती काहीतरी करेल, असं मला शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होतं.

अक्षता पडल्या. मंगळसूत्र कुठून आणायचं असा प्रश्न कुणाला पडलाच नाही, कारण नारळ आणि साडीच्या डब्यातून मुलाच्या आईनं ते काढून दिलं. सोन्याचं, नवं, कापसात गुंडाळलेलं. ते पाहून आईनं अप्पांकडं पाहिलं, आणि अप्पांनी खाली. ते लोक वाईट नव्हते हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी आक्काला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही. पण ते तयारीनं आले होते. पंगती उठल्या, लोकांनी मनसोक्त हात धुतले, ऊन उतरायच्या आत जीप आक्काला घेऊन गेली. हौदात बरंच पाणी शिल्लक होतं. ते आम्हाला पुढं पुष्कळ दिवस पुरलं. आम्ही त्यानं अंघोळी केल्या, आणि बसू तर रोज विचारायचा, आता अजून कुणाचं लग्न आहे का म्हणून.

ते वर्ष राहिलं ते राहिलंच. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा सासरी कुणीतरी आजारी होतं, पुढच्या जूनमध्ये आक्काला दिवस गेले होते. नंतर कुणी विषयच काढला नाही. मला मात्र अप्पांनी हवं तितकं शिकू दिलं, शिक्षण पुरं होईपर्यंत आलेली स्थळं दारातूनच परत पाठवली. मी शाळेत मास्तरीण झाले आणि आयुष्यभर वर्गात आक्काचंच शिकवत आले. पोरं मला चांगल्या बाई म्हणायची. तेव्हा दर वेळी मला रडू यायचं, आणि मी फळा पुसायच्या निमित्तानं पाठ फिरवायची.

पण मला सांगायचं आहे ते लग्नानंतर आक्का पहिल्यांदा माहेरी आली तेव्हाचं. आठवडाही झाला नव्हता. सकाळची वेळ, अप्पांचं ऑफिसला जायचं चाललं होतं, आणि बसूनं तिच्यासाठी स्वतःच्या हातानं फरशीवर मुलूख काढून ठेवला होता, सगळा वेडावाकडा. रजियाही येऊन बसली होती. "आक्का, सांग," बसू म्हणाला. आक्का आमच्यात येऊन बसली, पण सांगणाऱ्याच्या जागी नाही, आमच्या रांगेत. म्हणाली, "आज तुम्ही सांगा. मी खेळते." मी आनंदानं म्हटलं, "मग तू यक्ष ना?" ती म्हणाली, "काय बी द्या. तुम्ही द्याल ते." मला समजेना. बसूनं मात्र विचार केला आणि आपला राक्षस तिला देऊन टाकला. म्हणाला, "घे. ह्याला कुणी काही म्हणत न्हाई." आक्का हसली, त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि कवड्या टाकल्या. पण दोन वाटा फुटल्या की ती थांबायची आणि सात वर्षांच्या पोराला विचारायची, "कुठं जाऊ?" बसू सांगेल तिकडं जायची. दरवाज्यापाशी आली तेव्हाही तिनं विचारलं, "काय करू?" बसू ओरडला, "अगं, फोड की! राक्षस हैस तू." "बरं," ती म्हणाली. "फोडला."

अप्पा दारात उभे राहून हे ऐकत होते. हातात पिशवी, पायात चपला. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली, चपला काढल्या, आणि इस्त्रीच्या पँटीनं तसेच आमच्यात फरशीवर येऊन बसले. ते कधीही खेळले नव्हते.  म्हणाले, "मला बी घ्या. मी माणूस घेतो. आक्का, तू सांग. तू विचार मला काय विचारायचं ते. तू म्हणशील तिथं मी थांबतो."  आक्कानं त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं आता ती रडेल, किंवा भांडेल, आणि काही का असेना, पुन्हा आमची होईल.

"अप्पा, तुम्हाला उशीर व्हायलाय," ती म्हणाली. आमच्यात लेकी माहेरी डोक्यावर पदर घेत नाहीत, बापासमोर तर नाहीच. आक्का उठली, पदर पुढं ओढून तिनं तो डोक्यावर घेतला, आणि खाली मान घालून अप्पांचा डबा भरायला आत गेली.